मणक्यातली चरबी मज्जारज्जूवर दाबतेय असा रिपोर्ट आला, तर पुढे काय करायचं?

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘एपिड्युरल लायपोमॅटोसिस’ असे शब्द दिसले की घरातून पहिला प्रश्न येतो: कॅन्सर तर नाही ना? हा आजार म्हणजे कॅन्सर नव्हे. मणक्याच्या पोकळीत थोडी चरबी प्रत्येकाच्याच असते. बांगड्यांच्या डब्यात काच तडकू नये म्हणून कापूस घालतात, तशी ती मज्जारज्जूच्या आवरणाभोवती बसलेली असते. काही माणसांत हीच साधी चरबी वाढत जाते. भोवती हाड असल्यामुळे पोकळी ताणली जात नाही आणि सगळा दाब आत, मज्जारज्जूवर किंवा नसांवर येतो.

उपचार कोणता करायचा हे दोन प्रश्नांवर ठरतं. चरबी कुठे दाबतेय, आणि ती वाढली कशामुळे? पहिल्याचं उत्तर फिल्मवर असतं. दुसऱ्याचं उत्तर पुष्कळदा घरातल्या औषधांच्या डब्यात सापडतं, आणि तो डबा उघडून पाहायचं कुणाला सुचत नाही. ऑपरेशन केलं आणि कारण तसंच राहिलं तर चरबी पुन्हा वाढू शकते. म्हणून या लेखात कारणाला जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: थांबायला वेळ आहे का, ते बघा

बाकी काहीही वाचण्याआधी रुग्णाला हे विचारा. लघवी तुंबतेय का, की कळत नाही आणि होऊन जाते? शौचावरचा ताबा सुटलाय का? मांड्यांच्या आतली बाजू आणि बसताना जमिनीला टेकतो तो भाग बधिर झालाय का? पायातली ताकद दिवसागणिक कमी होतेय का? कालपर्यंत जिना चढणारा माणूस आज उंबरठ्याला अडखळतोय का?

यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने, शक्यतो आडवं झोपवून, न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. दबलेल्या नसा जितक्या लवकर मोकळ्या होतील तितकी लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता जास्त. इथे तासांना किंमत असते. रात्री निघायचं की उजाडल्यावर, असा प्रश्न पडला तर रात्रीच निघा.

लघवीबद्दल घरातली बाई पुरुषांसमोर बोलत नाही आणि म्हातारा माणूस सुनेला सांगत नाही. संकोचापायी दोन-दोन दिवस जातात. घरातल्या ज्याच्याशी त्यांचं मोकळेपणाने बोलणं होतं त्याने बाजूला घेऊन स्पष्ट विचारावं.

दुसरी पायरी: चरबी नेमकी कुठे आहे, ते समजून घ्या

मज्जारज्जू कंबरेपर्यंत जातच नाही. तो साधारण पहिल्या-दुसऱ्या लंबर, म्हणजे कंबरेच्या, मणक्याशी संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा असतो. त्यामुळे पाठीच्या मधल्या भागातली, म्हणजे थोरॅसिक, चरबी थेट मज्जारज्जूला दाबते, तर कंबरेतली चरबी नसांना.

थोरॅसिक दाबात पाय कडक होतात, चालताना तोल जातो, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, अंधारात चालायची भीती वाटते. कंबरेतल्या दाबाची तक्रार वेगळी असते. थोडं चाललं की मांड्या-पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की आराम पडतो. सायकल हातात धरून, तिच्यावर किंचित वाकून चाललं तर लांब जाता येतं, पण ताठ चाललं तर चौकापर्यंतही जाववत नाही, असं रुग्ण सांगतात. दोन्हींपैकी थोरॅसिक प्रकाराकडे जास्त काळजीने बघायचं. मज्जारज्जूची इजा नसांच्या इजेपेक्षा कमी भरून येते.

रिपोर्टमधल्या दोन गोष्टी डॉक्टरांकडून समजावून घ्या. थोरॅसिक भागात चरबीचा थर साधारण ७ मिलिमीटरच्या पुढे गेला तर तो जास्त मानतात. कंबरेसाठी ग्रेड असतात. पोकळीतला ४१ ते ५० टक्के भाग चरबीने व्यापला तर पहिली, ५१ ते ७४ टक्के असेल तर दुसरी, आणि ७५ टक्के किंवा जास्त असेल तर तिसरी. पहिल्या ग्रेडच्या चरबीने सहसा काही त्रास होत नाही. अशा वेळी कंबरदुखीचं खरं कारण सरकलेली चकती किंवा झिजलेले सांधे असू शकतं. नुसत्या फिल्मवर उपचार ठरत नाही; रुग्णाची तपासणी आणि फिल्म यांचा मेळ बसायला हवा.

एमआरआय फक्त कंबरेचा झाला असेल आणि पाय कडक असतील, तोल जात असेल, तर पूर्ण मणक्याचा एमआरआय हवा का, हे आवर्जून विचारा. चरबी ओळखण्यासाठी ‘फॅट सप्रेशन’ची चित्रं लागतात, त्यांत चरबी काळी पडते आणि रक्त, पू किंवा इतर गाठींपासून वेगळी दिसते. रिपोर्टचा कागद पुरेसा नाही, सीडीही मागून घ्या. आपल्या मराठवाड्यात मणक्याचा क्षय आणि बी-१२ची कमतरता या दोन गोष्टी पायांच्या अशाच तक्रारी घेऊन येतात. डॉक्टरांनी त्यांच्या तपासण्या लिहिल्या तर त्या टाळू नका.

तिसरी पायरी: औषधांचा डबा टेबलावर पालथा करा

या आजारातला दाब पहिल्यांदा १९७५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. तो रुग्ण मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि दुखणं दाबणारं औषध, घेत होता. तेव्हापासून स्टिरॉइड हे याचं ठळक कारण मानलं जातं. लठ्ठपणा हे दुसरं. क्वचित शरीरच स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, जास्त बनवतं (कुशिंगचा आजार), आणि काहींत कारण सापडतच नाही. पुरुषांत हा आजार जास्त दिसतो.

डॉक्टर विचारतात, ‘स्टिरॉइड घेता का?’ रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि ते खरंच त्याला ठाऊक नसतं. मराठवाड्यात स्टिरॉइड अंगात जाण्याच्या वाटा अनेक आहेत. दम्यासाठी किंवा खाजेसाठी एकदा लिहून दिलेली गोळी मेडिकलवरून वर्षानुवर्षं आणली जाते. सांधेदुखीवर कागदात बांधून, नाव-गाव नसलेल्या पुड्या मिळतात. त्या ‘आयुर्वेदिक’ म्हणून दिल्या तरी अशा औषधांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं अनेकदा आढळलं आहे. वजन वाढावं, ‘अंग धरावं’ म्हणून लग्नाआधी मुला-मुलींना गोळ्या दिल्या जातात. ऊसतोडीच्या हंगामात किंवा सोयाबीनच्या काढणीत अंगदुखीची मिक्स गोळी घेऊन काम ओढलं जातं. गुडघ्यात, खांद्यात, कंबरेत दिलेली ‘जादूची’ इंजेक्शनं असतात. जादूई गुण ही स्वतःच एक खूण आहे. ज्या औषधाने दोन दिवसांत भूक वाढते, दुखणं नाहीसं होतं, पुढे चेहरा भरतो आणि बंद केलं की माणूस अंथरुणाला खिळतो, त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यायचा.

म्हणून घरातली प्रत्येक गोळी, पुडी, मलम, पंप, रिकामी पाकिटंसुद्धा एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांसमोर मांडा. पाकिटांवर ही नावं शोधा: प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकोर्ट, हायड्रोकॉर्टिसोन. गोळी लहान दिसते म्हणून फसू नका. प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमचं काम डेक्सामेथासोनचे ०.७५ मिलिग्रॅम करतात. म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमची डेक्साची गोळी दिवसातून दोनदा घेतली तरी शरीर रोज जेवढं नैसर्गिक स्टिरॉइड बनवतं साधारण तेवढं, किंवा त्याहून जास्त, बाहेरून जातं.

सोबत रुग्णाकडे नीट बघा. चेहरा गोल झालाय, मानेमागे चरबीचा उंचवटा आलाय, पोटावर जांभळे पट्टे आहेत, हातपाय मात्र बारीक, जरासं लागलं की काळंनिळं, जमिनीवरून हात न टेकता उठता येत नाही: हे सगळं डॉक्टरांना सांगा. बाहेरून स्टिरॉइड जात नसेल आणि या खुणा असतील तर कुशिंगची तपासणी होते. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी ८-९च्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल मोजतात. २४ तासांची लघवीही तपासतात. थायरॉइड आणि साखर तर बघतातच.

कुणी काय दिलं यावरून घरात भांडण काढू नका. भांडण झालं की माणूस पुडी लपवतो, आणि मग खरा डोस कुणालाच कळत नाही.

चौथी पायरी: स्टिरॉइड कमी करायचं, पण स्वतः बंद करायचं नाही

हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा: महिना-महिना चाललेलं स्टिरॉइड एका दिवसात थांबवलं तर जीव जाऊ शकतो. बाहेरून मिळत असल्यामुळे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आपलं काम थांबवून बसलेल्या असतात. गोळी अचानक बंद झाली की उलट्या, चक्कर, पोटदुखी, रक्तदाब आणि साखर खाली येणं, भान हरपणं अशी अवस्था येते. असं झालं तर थेट रुग्णालय, आणि तिथे पहिलं वाक्य, ‘हे स्टिरॉइड घेत होते.’

डोस कसा उतरवायचा हे फिजिशियन किंवा हार्मोनतज्ज्ञ ठरवतात. सुरुवातीला तो जरा भराभर उतरतो, पण प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या आसपास आला की फार सावकाश जावं लागतं, कधी कित्येक महिने. मध्ये सकाळचं कॉर्टिसॉल तपासून ग्रंथी जाग्या झाल्या का ते बघतात. पुडीत नेमकं किती होतं हे माहीत नसेल तर डॉक्टर आधी पुडीच्या जागी मोजलेली गोळी देतात आणि मग ती उतरवतात. ‘पुडी सोडायला सांगितली आणि पुन्हा स्टिरॉइडच लिहिलं’ म्हणून डॉक्टरांवर संशय घेऊ नका. सुरक्षित वाट तीच आहे.

काहींना स्टिरॉइड खरोखर लागतं. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), संधिवात, मूत्रपिंडाचे आजार, प्रत्यारोपण. तिथे मूळ आजाराचे डॉक्टर आणि मणक्याचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं होणं गरजेचं असतं. मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट यांसारखी औषधं वापरून स्टिरॉइडचा डोस खाली आणता येतो का, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड मात्र फार कमी असतं. हा लेख वाचून पंप बंद करू नका.

एकादशी, नवरात्र, रोजे: उपवासातही स्टिरॉइडची गोळी चुकवायची नाही. रोजे धरायचे असतील तर वेळा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ताप, जुलाब, अपघात किंवा दाताचं ऑपरेशन असेल तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, म्हणून खिशात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, डोस, किती दिवसांपासून.

पाचवी पायरी: वजन

लठ्ठपणामुळे चरबी वाढली असेल आणि पायाची ताकद शाबूत असेल, तर वजन कमी करणं हाच मुख्य उपचार. वजन उतरल्यावर मणक्यातली चरबी कमी झाल्याचं आणि दाब सुटल्याचं एमआरआयवर दिसलेले रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. पहिलं उद्दिष्ट सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के ठेवा, म्हणजे ९० किलोच्या माणसाने साडेचार ते ९ किलो. महिन्याला दोन-तीन किलो हा वेग पुरे.

आपलं ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी हे जेवण मुळात चांगलं आहे. वजन वाढवणाऱ्या गोष्टी त्याच्या आजूबाजूला असतात. दिवसाला पाच कप चहा, कपात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी. मूठभर शेंगदाणे साधारण १७० कॅलरी, आणि आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट नाही अशी भाजी विरळा. तेलाचं मोजमाप सोपं आहे: महिन्याच्या पहिल्या तारखेला माणशी अर्धा लिटर वेगळं काढा आणि ते महिनाभर पुरवा. भाजीवर तर्री दिसणार नाही, आठवडाभर घरचे कुरकुरतील, मग सवय होते. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तळलेला बटाटा असा उपवास वजन कमी करत नाही. भाकरी एक कमी करा आणि त्या जागी मटकी, मूग, हरभऱ्याची उसळ, अंडी, ताक वाढवा. स्टिरॉइडने स्नायू झिजलेले असतात. त्यांना प्रथिनं लागतात.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डोस बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली येईल.

वजन फारच जास्त असेल तर दोन आणखी मार्ग आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं भारतात मिळतात. ती वजनासाठी आहेत, मणक्यासाठी नव्हेत, खर्चिक आहेत आणि बंद केली की वजन परत येऊ शकतं. दुसरा मार्ग बेरियाट्रिक शस्त्रक्रियेचा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३५च्या पुढे असेल, किंवा मधुमेहासारख्या आजारांसोबत त्याहून थोडा कमी असेल, तर त्याबद्दल विचारणं योग्य आहे.

दरम्यान दुखण्याचं काय?

नसेच्या दुखण्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधं देतात. त्यांनी सुस्ती, चक्कर येते. सुरुवातीला रात्री घ्या आणि पहिले काही दिवस ट्रॅक्टर-मोटारसायकल नको. त्यांनी दुखणं कमी होतं, दाब नाही.

एका गोष्टीवर अडून राहा. कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन सुचवलं गेलं तर विचारा: ‘यात स्टिरॉइड आहे का? माझ्या रिपोर्टमध्ये चरबी वाढलेली आहे, तरी द्यायचं का?’ एपिड्युरल इंजेक्शनात सहसा स्टिरॉइडच असतं, आणि वारंवार घेतलेल्या अशा इंजेक्शनांनंतर ही चरबी वाढल्याची उदाहरणं आहेत. चकतीमुळे नस दबलेली असताना डॉक्टर विचारपूर्वक एखादं देतीलही. तो निर्णय रिपोर्ट समोर ठेवून व्हावा.

चालणं, बसून पाय हलवण्याचे व्यायाम, स्थिर सायकल हे कंबरेतल्या दाबात झेपतं, कारण शरीर पुढे झुकलेलं असतं. कमान करून मागे वाकणारी आसनं टाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन बघता सूर्य वर यायच्या आत चालून घ्या. मणका ‘बसवणाऱ्याकडे’ मात्र जाऊ नका, विशेषतः थोरॅसिक दाब असेल तर. झटका देऊन मान-पाठ मोडणं दबलेल्या मज्जारज्जूला धोक्याचं आहे. आणि पंढरीच्या पायी वारीला निघण्याआधी डॉक्टरांना विचारा; पाय लटपटत असतील तर यंदा एसटीने जाऊन दर्शन घ्या.

सहावी पायरी: ऑपरेशन

ऑपरेशन केव्हा? लघवी-शौचाचा ताबा जातोय, पायाची ताकद कमी होत चाललीय, मज्जारज्जू दबल्याच्या खुणा आहेत, किंवा काही महिने नीट प्रयत्न करूनही चालणं होत नाही. पहिल्या दोन प्रकारांत तातडीने, शेवटच्यात विचार करून.

ऑपरेशनात पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात, मणक्याच्या मागच्या बाजूचं हाड, म्हणजे लॅमिना, काढतात किंवा कापून जागा करतात आणि आतली चरबी हलकेच सोडवून काढतात. दाब सुटला की आवरण पुन्हा फुगतं. कंबरेत एक-दोन पातळ्यांपुरतीच चरबी असेल तर छोट्या छेदातून किंवा दुर्बिणीनेही काही ठिकाणी करतात. थोरॅसिक भागात चरबी अनेक मणक्यांवर पसरलेली असते, त्यामुळे छेद मोठा असू शकतो. स्क्रू-रॉड प्रत्येकाला लागत नाहीत. मणका अस्थिर असेल किंवा हाड खूप काढावं लागणार असेल तरच त्यांची गरज पडते, म्हणून स्क्रू सुचवले तर कारण विचारा. हा अविश्वास नव्हे, तुमचा हक्क आहे.

धोके: जखमेत संसर्ग, आवरण फाटून पाणी गळणं, आत रक्त साचून पुन्हा दाब येणं. स्टिरॉइड घेणाऱ्यांची जखम सावकाश भरते आणि हाडं ठिसूळ असतात. भूलतज्ज्ञाला स्टिरॉइडबद्दल सांगणं अनिवार्य आहे. ऑपरेशनच्या वेळी वाढीव डोस द्यावा लागू शकतो.

अपेक्षा काय ठेवायची? पायाचं दुखणं आणि चालणं पुष्कळांचं सुधारतं. कंबरदुखी तितकी जात नाही. बधिरपणा फार सावकाश उतरतो, कधी थोडा राहतोच. पाय किती काळ अधू होते यावर बरंच अवलंबून असतं.

सातवी पायरी: कुठे जायचं, पैशाचं काय

छत्रपती संभाजीनगरची घाटी, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय ही मराठवाड्यातली मोठी सरकारी दारं. निघण्याआधी फोन करून न्यूरोसर्जरी किंवा मणक्याची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा, म्हणजे हेलपाटा वाचेल. धाराशिवकडचे लोक सोलापूरला आणि नांदेडकडचे हैदराबादला जातात. राज्याबाहेर जाताना सरकारी आरोग्य योजना तिथे लागू आहे का, ते आधी पक्कं करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हेल्पलाइन १५५३८८. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार, एमआरआयची सीडी आणि रिपोर्ट घेऊन आधी त्यांना भेटा. तुमचं ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का आणि कशाचे पैसे बाहेरून भरावे लागतील, हे दाखल होण्याआधी विचारा. तातडीचं नसेल तर दुसऱ्या सर्जनचंही मत घ्या.

त्यानंतर

ऑपरेशन झालं असो वा नसो, एका वहीत दर रविवारी चार गोष्टी लिहा: वजन, न थांबता किती चाललात, हात न टेकता पाटावरून उठता आलं का, स्टिरॉइडचा सध्याचा डोस. तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर पुन्हा तपासतील, गरज वाटली तर एमआरआय सांगतील. तेव्हा ‘बरं वाटतंय’ यापेक्षा ही वही जास्त उपयोगाची ठरते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलं असेल तर हाडांची घनता, डोळे आणि साखर यांचीही तपासणी करून घ्या. आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात, अगदी खोकल्यासाठी गेलात तरी, गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी मणक्याचा रिपोर्ट दाखवून विचारा की त्यात स्टिरॉइड आहे का.